कुंपण आधी की मोजणी?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रानातल्या पशुपक्ष्यांविषयी लिहायला घेतले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला शास्त्रशाखेच्या मित्रांचा : ‘हा आमचा प्रांत, तू कशाला मध्ये पडतोस?’ दुसरा आपल्याच वर्गातला : ‘माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे पक्ष्यांचे कसले कौतुक?’ पहिल्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. दुसरा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निदान सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माझ्यासारख्याने तरी तो हसण्यावारी नेऊ नये. कारण आमच्या भागात एका पक्ष्याच्या नावाने हजारो एकरांवर निर्बंध आले, माणसे वैतागली, आणि इतके होऊनही पक्षी काही राहिला नाही. हे असे का झाले, याचा विचार करताना माझे जे मत बनले ते मांडण्यासाठी हा लेख आहे.

मत थोडक्यात असे : सार्वजनिक मालकीचे रान राखायचे असेल तर कुंपणाच्या आधी मोजणी झाली पाहिजे, मोजणाऱ्या माणसाला तिथे दीर्घकाळ टिकू दिले पाहिजे, आणि त्याचा हिशेब ज्यांच्या पोटावर पाय येणार आहे त्यांच्यापुढे उघडा मांडला पाहिजे.

हा मोजणारा माणूस म्हणजे वन्यजीवशास्त्रज्ञ. हा शब्द ऐकला की आपल्यापुढे गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा हौशी गृहस्थ उभा राहतो. प्रत्यक्षात त्याचे काम तलाठ्याच्या कामाइतकेच रुक्ष असते. पहाटे ठरलेल्या वाटेने चालायचे, दोन्ही बाजूंना दिसलेला प्रत्येक कळप, त्यातले नर, माद्या, पाडसे आणि वाटेपासूनचे अंतर वहीत टिपायचे. गवताचा मोजून घेतलेला तुकडा कापायचा, वाळवायचा, वजन करायचे. तळ्यात पाणी किती उरले, घाणेरी आणि रानमोडी किती पसरली, वेडी बाभूळ कुठवर आली, हे नकाशावर भरायचे. उन्हाळ्याआधी जाळरेषा निघाल्या की नाहीत ते पाहायचे. मग गावात जाऊन कोणाची शेळी लांडग्याने नेली, कोणाचा भुईमूग रानडुकरांनी उकरला, भरपाई मिळाली का, हेही विचारायचे. आणि हे सगळे वर्षानुवर्षे करायचे, कारण एका वर्षाचा आकडा म्हणजे एका दिवसाचे हवामान. त्यावरून ऋतू सांगता येत नाही.

इतके करूनही निर्णय त्याचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांचा कारभार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे, म्हणजे वनखात्याकडे दिला आहे. शास्त्रज्ञाने फक्त सल्ला द्यायचा. व्याघ्रप्रकल्पांत आता जीवशास्त्रज्ञ नेमले जातात, पण बहुधा कंत्राटावर. ज्याचे काम दहा वर्षांनी फळाला येणार, त्याची नेमणूक अकरा-अकरा महिन्यांच्या हिशेबाने करायची, हा आपल्या कारभाराचा खास नमुना आहे.

मोजणीआधी कुंपण घातले म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण राजस्थानातील भरतपूरचे आहे. केवलादेव घाना हे अवघे २९ चौरस किलोमीटरांचे पाणथळ रान. एकेकाळी ते संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीचे ठिकाण होते. पुढे ते पक्ष्यांचे अभयारण्य झाले. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत. म्हशींच्या खुरांनी आणि चराईने पाणथळीची नासाडी होते, असा तज्ज्ञांचाही समज होता. राष्ट्रीय उद्यान करायचे ठरले आणि १९८२ च्या नोव्हेंबरात चराईवर एकाएकी बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. पक्ष्यांसाठी माणसे मारली गेली, हा डाग त्या उद्यानावर कायमचा बसला. १९८५ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, पण त्या मानाच्या फलकावर ही माणसे नाहीत.

खरी शोकांतिका पुढे आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षे त्या पाणथळीचा अभ्यास केला. बंदीच्या आधीची दोन वर्षे आणि नंतरची आठ वर्षे, दोन्ही त्यांच्या वहीत होती. त्यांना आढळले ते सर्वांच्या समजाच्या उलट होते. म्हशी गेल्या तसे पाण्यातले एक गवत बेसुमार माजले. उघडे पाणी कमी झाले, मासे कमी झाले, आणि ज्या बदकांसाठी व करकोच्यांसाठी हा खटाटोप केला त्यांनाच उतरायला, चरायला जागा उरेना. म्हैस ही त्या तळ्याची शत्रू नव्हती. तीच तिथली माळीण होती. ती फुकटात गवत काढीत होती.

आता कोणी म्हणेल, ‘चूक कळली, दुरुस्त केली असेल.’ तसे झाले नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरांची चराई कायद्यानेच मना आहे. शास्त्रज्ञाने दहा वर्षे मोजून काढलेले सत्य कायद्याच्या एका कलमापुढे हतबल ठरले. गावकऱ्यांना गवत कापून नेऊ द्यायचे, अशी तडजोड तेवढी निघाली. म्हशीचे काम माणसाच्या विळ्यावर आले. हीच मोजणी आधी झाली असती तर? निदान रक्त तरी सांडले नसते. मला वाटते, वन्यजीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण भरतपूर असावे, आणि समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही त्याला एक प्रकरण मिळावे.

मोजणीच खोटी असली तर काय होते, हे त्याच राज्यातल्या सरिस्काने दाखविले. कित्येक दशके आपल्याकडे वाघ मोजले जात ते पावलांच्या ठशांवरून. वनरक्षकाने काचेवर ठसा उतरवायचा, साहेबांनी ठशांवरून वाघ ओळखायचे आणि आकडा वर पाठवायचा. वरच्यांना वाढता आकडा आवडतो हे खालच्यांना ठाऊक असतेच. मग वाघ कागदावर वाढत गेले. २००४-०५ च्या सुमारास उघड झाले की सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी रान केव्हाच रिकामे केले होते. देशभर गहजब झाला, समिती बसली आणि जुनी पद्धत टाकून दिली गेली. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येकाचे वेगळे असतात; तेव्हा वाटेवर कॅमेरे लावून त्यांवरून वाघ ओळखावेत, असा आग्रह डॉ. उल्हास कारंथ यांच्यासारखे शास्त्रज्ञ कितीतरी आधीपासून धरीत होते. नव्या पद्धतीने केलेल्या गणनेचा आकडा २००८ साली जाहीर झाला : १,४११. जुन्या आकड्यांच्या मानाने तो फारच लहान होता, लाज वाटावी असा होता, पण खरा होता. त्या खऱ्या आकड्यावरच पुढचे काम उभे राहिले आणि २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ वाघ नोंदले गेले. आजार मान्य केल्याशिवाय औषध लागू पडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे सरकारी खात्यालाही लागू पडते.

आता आपल्या माळाकडे येतो. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज आपल्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले असेल. पाहण्यासारखे तिथे काय आहे, असेही वाटले असेल. उंचसखल मुरमाड जमीन, गुडघ्याएवढे कुसळी गवत, मधूनच एखादी बोर किंवा बाभूळ. हेच माळढोकाचे घर. माळढोक हा उडू शकणाऱ्या अतिशय जड पक्ष्यांपैकी एक. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातले दाणे, हे त्याचे अन्न. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी असा डॉ. सलीम अली यांचा आग्रह होता. १९६३ साली मान मिळाला तो मोराला.

१९७९ साली या पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. गोवा राज्याच्या दुपटीहूनही हे अधिक! यात खरोखरीच्या सरकारी माळाचे तुकडे थोडे आणि विखुरलेले. बाकी गावेच्या गावे, शेते, विहिरी, रस्ते. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने माळढोक कुठे वितो, कुठे चरतो, किती दूर जातो, हे आधी पाहिले होते का? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने माळढोकाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो १९८१ पासून, डॉ. असद रहमानी यांनी त्यासाठी वर्षे खर्ची घातली. म्हणजे रेघ आधी, अभ्यास नंतर.

त्या रेघेचे परिणाम सगळ्यांना माहीत आहेत. जमिनीचे व्यवहार अडले, बिगरशेतीच्या परवानग्या अडल्या. ज्याने उभ्या आयुष्यात माळढोक पाहिला नाही, त्याच्याही तोंडी ‘त्या पक्ष्यापायी’ हे शब्द बसले. माझ्या स्वतःच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने मला विचारले होते, ‘तो पक्षी एकदा मेला तरी आमची सुटका होईल का रे?’ हा माणूस दुष्ट नव्हे. कुत्र्यामांजरांना भाकरी घातल्याशिवाय तो जेवत नाही. ज्या कायद्याने अशा माणसाच्या तोंडून असे वाक्य वदवले, त्या कायद्याच्या अंमलात काहीतरी चुकले, एवढे तरी आपण मान्य करावे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र १,२०० चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक इतके उरले. पण तोवर तीन दशकांचा राग साचलेला होता.

आणि ज्याची मोजणी हवी होती ते बाजूलाच राहिले. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, कालवे आले, जिथे ज्वारी आणि हुलगे होत तिथे ऊस उभा राहिला. माळढोकाला कोरडवाहू शेत चालते, पडीक रान चालते. पुरुषभर उंचीचा ऊस त्याला भिंतीसारखा. पुढे विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो तारांवर आदळून मरतो. कुंपणाला यातले काहीच अडवता आले नाही. कुंपणाने अडवला तो मेंढपाळ, ज्याच्या मेंढ्यांबरोबर माळढोक शतकानुशतके राहत आला होता.

त्यातून आणखी एक गंमत पाहा. ‘वन’ म्हणजे झाडे, ही आपली समजूत इतकी पक्की की उघडा माळ दिसला की तो ‘पडीक’ ठरतो आणि वृक्षारोपणाचा हात सळसळू लागतो. नान्नजच्या माळावरही गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. माळढोकाला चहूकडे दूरवर नजर जावी लागते. झाडी वाढली की तो माळ सोडतो. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे, पण माळावर ते करणे म्हणजे कोळ्याच्या तळ्यात मुरूम टाकून घरासाठी जागा केली असे म्हणण्यासारखे आहे. याउलट आसामातल्या काझीरंगात दरवर्षी उंच गवत ठरवून जाळतात, कारण तसे केले नाही तर गवताच्या जागी हळूहळू झाडी येईल आणि गेंड्याचे कुरण जाईल. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ गेंडे होते. कुठे झाड लावायचे आणि कुठे आगकाडी लावायची हे भावनेने ठरत नाही; ते त्या त्या जमिनीला विचारावे लागते. जमिनीला विचारण्याची रीत म्हणजेच मोजणी.

मध्य प्रदेशातल्या करेऱ्याची कथाही आमच्यासारखीच. १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. संरक्षणामुळे काळवीट वाढले, त्यांनी पिके खाल्ली, शेतकरी बिथरले, आणि १९९० नंतरच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. पक्षी गेला तरी निर्बंध मात्र पुढे कित्येक वर्षे उरले. आज जगात माळढोक उरले आहेत दीडशेच्या आतबाहेर, त्यांतले बहुतेक राजस्थानात. जैसलमेरजवळ २०१९ पासून त्यांची अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे काम चालू आहे. नान्नजला आता माळढोक दिसणे ही बातमी होते.

माझ्या मतावर आक्षेप येतील, ते मी स्वतःच मांडतो. पहिला : ‘दहा वर्षे मोजत बसलात तर तोवर पक्षी मरेल.’ यात तथ्य आहे. घर पेटले असता पाण्याचे पृथक्करण करीत बसू नये. पण म्हणून घाईचा निर्णय कायमचा का असावा? विणीच्या चार महिन्यांपुरता माळाचा एक तुकडा बंद करा, गावाला त्याचा मोबदला द्या, दोन वर्षांनी आकडे पाहा, चुकले असेल तर मागे घ्या. मागे घेता येईल असा निर्णय लवकर घ्यायला हरकत नाही. मागे न घेता येणारा निर्णय मात्र मोजल्याशिवाय घेऊ नये. भरतपूरचा दोष घाईत नव्हता, परतीची वाट न ठेवण्यात होता.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : ‘शास्त्रज्ञाच्या हाती एवढा अधिकार दिला तर तो गरिबाला हाकलण्याचाच सल्ला देईल. त्याला पक्षी दिसतो, माणूस दिसत नाही.’ असे शास्त्रज्ञ झाले आहेत, हे नाकारता येणार नाही. पण भरतपुरात म्हशीची बाजू कोणी सिद्ध केली? घोषणांनी नव्हे, शास्त्रज्ञाच्या वहीने. प्रामाणिक मोजणी कोणाच्याच बाजूची नसते, म्हणूनच ती दुबळ्याच्या उपयोगी पडते. अट एवढीच की ती वही बंद कपाटात राहू नये. आज एखाद्या गावकऱ्याला आपल्या शेजारच्या अभयारण्याचा आराखडा वाचायचा झाला तर तो त्याला सहज मिळत नाही. मिळालाच तर इंग्रजीत असतो.

आणि इथेच आपला, कलाशाखेचा, प्रांत सुरू होतो. मारुती चितमपल्ली यांचे नाव या महाविद्यालयात कोणाला सांगावे लागणार नाही. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस आयुष्यभर वनखात्यात राबला, आदिवासींकडून, फासेपारध्यांकडून, कोळ्यांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा करीत राहिला. बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, असे शब्द त्यांनी मराठीला दिले. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरातच ते गेले. रानाचे ज्ञान आणि भाषेचे ज्ञान ही दोन कपाटे नाहीत, हे त्यांनी जगून दाखविले. ज्या पक्ष्याला गावच्या बोलीत नाव आहे, त्याच्याविषयी गावाशी बोलता येते. ज्याला फक्त लॅटिन नाव आणि शासननिर्णयाचा क्रमांक आहे, त्याच्याविषयी गावाला फक्त नोटीस देता येते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक अभयारण्याला एक तरी कायम नेमणुकीचा वन्यजीवशास्त्रज्ञ असावा, आणि त्याची बदली निदान दहा वर्षे होऊ नये. त्याची वार्षिक मोजणी मराठीत छापून आसपासच्या ग्रामपंचायतींत लावली जावी, आणि ग्रामसभेत त्याने प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सरकारी कागदांतून माळाला ‘पडीक’ म्हणणे बंद व्हावे. आणि आपल्या महाविद्यालयाने एक काम अंगावर घ्यावे : भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या मेंढपाळांना भेटावे. माळ कुठवर होता, केव्हा नांगरला गेला, पाणी कुठे साचे, माळढोक केव्हा आणि कुठे दिसे, त्याला काय म्हणत, हे लिहून घ्यावे. याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही, एस.टी.चे भाडे आणि एक वही पुरते. शास्त्रज्ञ आजचा माळ मोजील. कालचा माळ मोजण्याची सोय फक्त या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ती दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहे.

माणसाला पाणी नाही तिथे पक्ष्याचे कौतुक कशाला, या प्रश्नाला माझे उत्तर असे : ज्या कारभाराला आपल्या माळावर किती पक्षी आहेत हे ठाऊक नाही, त्याला आपल्या गावाच्या विहिरीत किती पाणी आहे हेही बहुधा ठाऊक नसते. दोन्हींसाठी एकच सवय लागते : जागेवर जायचे, मोजायचे, खरे तेच लिहायचे आणि ते सर्वांना वाचू द्यायचे. ती सवय लागली तर माळही वाचेल आणि माणूसही. नाही लागली तर पुढच्या रेघेच्या आत कोणाचे शेत येईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.